अर्धा दात

“ताई, आज वार कोनता?”

सकाळी प्रयोगशाळेचं दार ढकलून सर आत आले की पहिलं वाक्य हे. समोरच्या भिंतीवर हातभर लांबीचं कॅलेंडर, त्यांच्या स्वतःच्या मनगटावर वार दाखवणारं घड्याळ, तरी विचारणार. मी म्हणायचे, “मंगळवार.” मग खरा प्रश्न यायचा, “कालच्या नमुन्यात आम्ल कोनतं टाकलतं?” मी सांगायचे. सर मान डोलवून दारापर्यंत जायचे आणि वळून पुन्हा, “आन वार कोनता म्हनलं तुमी?”

नोकरीला लागले तेव्हा आधी मला वाटलं, माणूस विसराळू आहे. मग वाटलं, माझी टर उडवतो आहे. शेवटी एकदा वैतागून म्हटलं, “सर, तुम्हाला वार ठाऊक असतो की!”

“मंग? ठाऊक असते म्हनूनच विचारतो ना बाप्पा. आधी माहितीचं विचारावं, मंग बिनमाहितीचं, मंग पुन्हा माहितीचं. दोन्ही टोकं बरोबर आली तर मधलं खरं धरावं. तुमी आज भानावर हाये का नाई, हे मले कसं समजंल?”

राग यायला हवा होता, पण मला हसू आलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं काम त्याच्या अंगात इतकं मुरतं की घरी, बाजारात, लग्नाच्या पंगतीतही तो तेच करत राहतो. सर त्यातले. वर्धा स्टेशनवर उभं राहून हमालाला विचारायचे, “हे वर्धाच ना?” मग गाडीची चौकशी, मग पुन्हा, “म्हनजे वर्धाच हाये हे.” हमाल त्यांना ओळखून होते. एक जण तर लांबूनच ओरडायचा, “वर्धाच हाये सायेब, जागचं हाललं नाई!”

त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, याहून मोठा किस्सा सांगायच्या. सर त्यांना बघायला गेले तेव्हा दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं. सरांनी विचारलं, “हे तुमचंच घर ना?” वहिनी म्हणाल्या, हो. “मी पसंत हाये का तुमाले?” वहिनींनी मान खाली घातली आणि हो म्हणाल्या. “आन घर तुमचंच ना?” वहिनी सांगायच्या, “मले वाटलं, यायचा घरावर डोळा हाये!”

सर मूळचे कारंजा घाडग्याचे. वडलांचा हायवेवर ढाबा होता, त्यामुळे वऱ्हाडीत ट्रकवाल्यांची हिंदी मुरलेली. पुढे कितीही शिकले तरी भाषा बदलली नाही. दिल्लीहून मोठे साहेब आले की आम्ही सगळे जपून बोलायचो, आणि सर मात्र त्यांना खुर्ची दाखवून, “बैठो ना साहब, काऊन खडे हो?” साहेबही बसायचे.

आमची प्रयोगशाळा वर्ध्याच्या बाहेर, सेलूकडे जाणाऱ्या रस्त्याला. काम दगड, माती आणि धातूंचं. विशेष करून शिशाचं. शिसं म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. त्याचे काही अणू हलके असतात, काही किंचित जड. त्यांना समस्थानिक म्हणतात. हलके किती आणि जड किती, हे प्रमाण प्रत्येक खाणीचं वेगळं. सर नव्या माणसाला हे एका वाक्यात समजावत, “शिसं वितळवा, कुटा, रंगात घाला, त्याचं माहेर पुसल्या जात नाई.”

नव्वदच्या दशकात हे माहेर शोधायचं काम माझ्या खोलीत चालायचं. नमुना आम्लात विरघळवायचा, त्यातून निव्वळ शिसं वेगळं काढायचं, मग मोजायचं. काम सावकाश, पण खात्रीचं. अडचण एकच, नमुना कायमचा जायचा. पुढे नवं सहस्रक लागल्यावर लेसरचं यंत्र आलं. लेसरचा बारीक किरण नमुन्याला केसाएवढी खाच पाडतो, त्यातून उडालेली धूळ वायूबरोबर आत जाते, भयंकर तापते, आणि चुंबक त्या अणूंना वळवून हलके एकीकडे, जड दुसरीकडे पाडतो. वस्तू जशीच्या तशी परत देता येते.

यंत्र आलं आणि सरांची सवय जणू सरकारी नियम झाली. कारण हे यंत्र लहरी. सकाळचा आकडा दुपारी किंचित सरकतो. म्हणून आधी एक स्टँडर्ड मोजायचं, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा तुकडा, मग नमुना, मग पुन्हा तेच स्टँडर्ड. सर हात चोळत म्हणाले, “पाहा ताई, मी म्हनत होतो ना? येच्याही अंगात माझेच गुन हाये!”

हिंगणीची बाई आली ती त्यानंतर. बोर धरणाच्या बाजूला त्यांचं घर, नवरा धरणात मासे धरायचा. बरोबर तिची मुलगी गुड्डी, समोरचे दात पडलेली, पिवळटलेली, आईच्या पदराला धरून उभी. पोट दुखतं, खात नाही, शाळेत झोपते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. औषध दिलं, पण शिसं येतं कुठून हे कळल्याशिवाय औषधाचा उपयोग थोडाच. त्यांनी बाईला आमच्याकडे धाडलं.

बाईनं लुगड्याच्या गाठीतून गुड्डीचा पडलेला दुधाचा दात काढला. शिसं हाडात आणि दातात साठतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो मागितला होता. दुसऱ्या हातात घरचं पितळी पातेलं, कुंकवाची डबी, आणि भिंतीच्या रंगाचा पोपडा. सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे.

“सायेब, दात वापस द्या पन,” ती म्हणाली. “कौलावर टाकाचा हाये. नाई टाकला तं पोरीचा नवा दात वाकडा येईन.”

दुसरा कोणी हसला असता. सर गंभीरपणे म्हणाले, “देईन. एक बारीक खाच पडंल फक्त. चालंल ना कौलाले?”

बाईनं विचार केला आणि चालेल म्हणाली.

मग सर उकिडवे बसले, गुड्डीच्या डोळ्यांपर्यंत आले आणि म्हणाले, “तुवं नाव गुड्डी ना?” तिनं मान हलवली. “लय दुखते का वं पोट?” तिनं पुन्हा मान हलवली. “आन नाव गुड्डीच ना?” आता पोरगी खुदकन हसली. आई म्हणाली, कितीतरी दिवसांनी हसली.

दात लेसरखाली गेला. आधी स्टँडर्ड, मग दात, मग स्टँडर्ड. दोन्ही टोकं चोख. कुंकू जुळलं नाही, रंग जुळला नाही. पातेल्याची कल्हई मात्र जुळली. कल्हई कथलाची असते, पण बाजारातल्या कथलात शिसं मिसळलेलं असतंच, थोडंफार. आकडे अगदी शेजारी शेजारी बसले. सरांनी डॉक्टरीणबाईंना कळवलं, भांडी बंद करा.

हिंगणीच्या बाजारात एक म्हातारे कल्हईवाले बसत. सगळे त्यांना मामा म्हणायचे. गुड्डीच्या घरच्या पातेल्याची कल्हईही त्यांच्याच हातची. सायकलवर भाता आणि भांडं साफ करायच्या नवसागराची पुडी घेऊन आजूबाजूच्या सगळ्या गावांत फिरायचे. बातमी गावात पोचली तेव्हा ती काही आमच्या कागदावरच्या शब्दांत पोचली नाही. ‘मामाच्या कल्हईनं पोरगी मरायला टेकली’ अशी पोचली. बाजारात त्यांची जागा दुसऱ्याला मिळाली. बायका त्यांना पाहून दार लावून घेऊ लागल्या. हे आम्हाला कळलं ते बऱ्याच उशिरा.

आणि गुड्डी बरी होईना. पितळेची भांडी माळ्यावर गेली, स्टीलची आली, तरी पुढच्या तपासणीत रक्तातलं शिसं तेवढंच. उलट थोडं वरच. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले आणि वार न विचारता स्टुलावर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं. भीती वाटली मला.

“ताई,” ते म्हणाले, “म्या माहितीचं कोनाले विचारलं? धातूच्या तुकड्याले. आन बिनमाहितीचं कोनाले विचारलं? दाताले. लेसर धातूवर वेगळा वागते, दातावर वेगळा. धातू दोन्ही खेपेला खरं बोलला म्हनून मी दाताचं खरं धरलं. हे म्हनजे तुमाले वार विचारून तुमच्या वहिनीच्या भाजीत मीठ किती ते ठरवल्यासारखं झालं.”

चूक एवढीच. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारही नाही. पण तेवढ्यानं दाताचा आकडा सरकून कल्हईच्या शेजारी जाऊन बसला होता.

दाताला दाताशीच ताडून पाहायला हवं होतं, आणि ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा दात आमच्याकडे नव्हता. बाहेरून मागवायचा तर मंजुरी, टेंडर, कस्टम. तोवर गुड्डीचं काय? सर दोन दिवस गाल चोळत फिरत होते. मला वाटलं चिंता. तिसऱ्या दिवशी गालावर रुमाल बांधून आले आणि कागदाची पुडी माझ्यासमोर ठेवली. आत एक भलीमोठी दाढ.

“हलत होती तशीही,” रुमालाआडून आवाज आला. “दंतवैद्य म्हने, अजून दोन वर्सं टिकली असती. म्या म्हनलं, काढा.”

“सर!” मी ओरडलेच.

“अर्धी तुमाले, अर्धी मले. अर्धी आम्लात विरघळवा आन जुन्या पद्धतीनं खरं उत्तर काढा. अर्धी लेसरखाली ठेवतो. दोन उत्तरांत जो फरक येईन, तेवढाच लेसर दातावर खोटं बोलते. मंग तेवढा वजा केला की गुड्डीचं खरं.”

मी आजवर किती दगड, किती मातीचे नमुने विरघळवले त्याचा हिशोब नाही. पण सरांची अर्धी दाढ त्या भांड्यात टाकताना हात थांबला. सर काचेपलीकडून बघत होते. खुणेनं म्हणाले, टाका टाका. मग स्वतःच तोंड फिरवलं.

फरक आला. तो वजा केला आणि गुड्डीचा दात कल्हईपासून दूर सरकला, चांगला लांब. कुंकू, रंग, कल्हई, कोणाच्याच जवळ नाही असा एकटाच जाऊन बसला. म्हणजे मामांचा काही संबंध नव्हता, आणि खरं कारण अजून त्या घरात होतं, रोज पोरीच्या पोटात जात होतं.

त्याच दुपारी सरांनी जीप काढली. मीही गेले.

घरापुढे गुड्डीचे वडील मासे धरायचं जाळं पसरून बसले होते. बाजूला विटांच्या चुलीवर लोखंडी कढई. सर अंगणात शिरले आणि सवयीनं म्हणाले, “हे गुड्डीचंच घर ना?” पण उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. त्यांची नजर जाळ्याच्या काठावर होती. जाळं पाण्यात बुडावं म्हणून काठाच्या दोरीला शिशाचे तुकडे लावतात. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वडील कढईत वितळवायचे, त्याच्या पट्ट्या करायचे आणि दोरीभोवती वळवायचे.

आणि गुड्डी वडलांच्या मांडीला टेकून बसली होती. तिनं एक पट्टी उचलली, दोरीवर घडी घातली आणि मागच्या दातांनी कचकन दाबून पक्की केली. मग दुसरी.

“लय हुशार हाये पोरगी,” वडील कौतुकानं म्हणाले. “पक्कड लागत नाई आमाले.”

सर तिच्याजवळ बसले, तिच्या ओठांपुढे हात धरला आणि म्हणाले, “दे बेटा, तोंडातलं मले दे.” गुड्डीनं तोंडातली पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ती पट्टी आम्ही मोजली. पट्टीच्या आधी आणि नंतर धातूचं स्टँडर्ड, गुड्डीच्या दाताच्या आधी आणि नंतर सरांचा दात. या वेळी जुळलं ते खरं जुळलं. सरांनी स्वतः जाऊन वडलांना सांगितलं. त्या माणसानं चाकू आणला आणि काठाची दोरी कापून टाकली. पुढं त्यांच्या घरी भाजलेल्या मातीचे गोळे लावलेलं जाळं आलं. त्यांचे आजोबा तसंच वापरायचे म्हणे. गुड्डी हळूहळू सुधारली. पावसाळा संपता संपता ती शाळेत जागी राहू लागली.

एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले!

हिंगणीच्या बाजारच्या दिवशी त्यांनी घरची सगळी पितळी भांडी पोत्यात भरली. वहिनींनी विचारलं, मोडीत काढता का? मामा आता बाजाराच्या कडेला, गुरांच्या बाजूला बसत होते. भाता होता, निखारे नव्हते. सरांनी पोतं त्यांच्यापुढे रिकामं केलं आणि शेजारी मातीत मांडी घातली. खिशातून शुद्ध कथलाची कांडी काढून ठेवली. ती त्यांनी नागपूरहून स्वतः आणली होती.

“मामा, कल्हई लावून द्या. आन हे कथील वापरा, येच्यात शिसं नाई.”

मामांनी त्यांना ओळखलं. “तुमीच ते मशीनवाले सायेब?”

“हाव.”

“तुमचं मशीन चुकलतं का?”

आजूबाजूला माणसं जमली होती. सर उभे राहिले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तरी चढवला. “मशीन बरोबर होतं. मी चुकलो. मामाच्या कल्हईनं पोरीले काई झालं नाई. हे मी सांगून राह्यलो, ज्यानं आधी उलटं सांगलतं तोच.”

मामांनी निखारे पेटवले, भाता ओढला, पातेलं तापवलं, नवसागर टाकला. धूर उठला. कथील फिरवून कापसानं पुसलं आणि पातेलं सरांपुढे धरलं. आतून आरशासारखं लखलखीत.

“चेहरा दिसते का पाहा,” मामा म्हणाले.

सरांनी वाकून पाहिलं. “दिसते,” म्हणाले, आणि डोळे पुसले. धुरानं, असं आम्हाला सांगितलं.

सगळं पूर्ववत झालं असं मी म्हणणार नाही. काही बायका भांडी घेऊन परतल्या, काही नाही आल्या. स्टीलचा काळ तसाही आलाच होता. पण मामांना त्यांची जुनी जागा मिळाली आणि ते शेवटपर्यंत तिथंच बसले. आमच्या वहिनींकडे मात्र दर सणाआधी पोतंभर भांडी निघायची, कल्हई उडालेली नसली तरी.

आणि गुड्डीचा दात? सर तो परत द्यायला विसरले नाहीत. आम्ही दोघं उभे असताना गुड्डीनं तो मुठीत धरला, उंदराला नवा दात मागितला आणि कौलावर भिरकावला. खाच पडलेला दात खडखडत वर गेला. सर जिभेनं आपल्या दाढेची रिकामी जागा चाचपत बघत होते. म्हणाले, “माझा तं तुमी आम्लात टाकला, ताई. मले नवा कसा येईन?” मी म्हटलं, अर्धा आहे ना शिल्लक, टाका तुम्हीही कौलावर. “नाई नाई,” ते घाईनं म्हणाले, “तो कामाचा हाये.”

निवृत्तीला थोडा अवकाश असतानाच त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. वाढत गेलं. मी वर्ध्याच्या दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा खाटेवर माणूस कमी आणि चादर जास्त दिसत होती. वहिनी चहा आणायला बाहेर गेल्या. सरांनी डोळे उघडले.

“ताई, आज वार कोनता?”

“गुरुवार, सर.”

“मी घरी जाईन का आता?”

“जाल की,” मी म्हटलं. “न जायला काय झालं? पुढच्या आठवड्यात जाल.”

मग हळूच, “आन वार कोनता म्हनलं?”

काय बोलते आहे हे मलाच कळेना. “शुक्रवार,” मी म्हटलं.

सर हसले. अगदी मोकळं, खूप दिवसांनी हसल्यासारखं. माझ्या हातावर त्यांनी थोपटलं आणि म्हणाले, “बरं बरं. समजलं मले.” मग वहिनी चहा घेऊन आल्या, आणि आम्ही कारंजाच्या संत्र्यांबद्दल बोललो.

ते घरी गेले नाहीत.

आता यंत्रावर नवी मुलंमुली काम करतात. मी अजून आहे, माझ्याच खोलीत. दूरदूरच्या गावांतून लेकरांचे दात येतात. पुड्यांत, आगपेटीत, रुमालाच्या गाठीत. कपाटात एक गोल चकती आहे, तिच्यात बसवलेला अर्धा दात, आणि वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘घरचं स्टँडर्ड’. त्यावर इतक्या खाचा पडल्या आहेत की आता रिकामी जागा शोधावी लागते. तरी कोणत्याही लेकराचा दात मोजायचा तर आधी तो ठेवतात, मग लेकराचा, मग पुन्हा तो.

परवा तसंच झालं. शेवटचा आकडा पडद्यावर आला. यंत्रापाशी बसलेली मुलगी वळून म्हणाली, “मॅडम, दोन्ही टोकं बरोबर आली.”

मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. सरांच्या दाताचा आकडा दोन्ही खेपेला तोच होता. दारापाशी कोणी वळून थांबलं आहे असं वाटलं, आणि मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, “बुधवार, सर.”